कार्बोरेटरचा सूर

इंदूरच्या आमच्या घरी जुनी फियाट होती. तिचा कार्बोरेटर अण्णा कानाने जुळवीत. स्क्रू किंचित फिरवीत, इंजिनाचा सूर ऐकत. अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तिथला दाब उतरतो आणि पेट्रोल ओढले जाते, हे आम्ही त्यांच्याशेजारी उभे राहूनच समजून घेतले.

अमेरिकेतील नॅस्कार शर्यतींच्या अव्वल मालिकेने हे साधन २०११ पर्यंत जपले. हवेतील उष्मा व दमटपणा पाहून तेथील कारागीर जेट बदलीत. २०१२ च्या डेटोना ५०० शर्यतीपासून मात्र इंधनाचे माप संगणकाकडे गेले. ते अधिक अचूक आहे, हे आम्ही मान्य करतो. परंतु अण्णा असताना तो सूर ओळखायला आम्ही शिकलो नाही, ही रुखरुख कोणताही संगणक दूर करणार नाही.