सोळा वर्षांचं गाणं

संक्रांतीला तुम्ही काय करता? गच्चीवर पतंग, डब्यात तिळगूळ, ऑफिसच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड. संपली संक्रांत! पण 14 जानेवारीला छत्रपती संभाजीनगरात असाल, तर माझ्याकडे एक वेगळा प्लॅन आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचं गेट गाठा.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा मूड पार गेलेला होता. सहा महिने लटकवून ठेवलेली माझी स्टोरी एका मासिकानं त्याच आठवड्यात परत पाठवली होती. गर्दीमुळे रिक्षावाल्यानं अलीकडेच उतरवलं. नागसेनवनातून, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं 1950 मध्ये सुरू केलेल्या कॉलेजच्या परिसरातून चालत निघाले. निळे झेंडे, पुस्तकांचे स्टॉल, खांद्यावर पोरं घेतलेले बाप. आणि पुढे ढोलकी!

इथल्या गायन पार्ट्या दुःख लपवत नाहीत. 27 जुलै 1978 ला विधिमंडळानं नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. माणसं मारली गेली, ठराव लांबला. 1979 मध्ये नागपूरहून लाँग मार्च निघाला. निर्णय व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडला. तोही कसा? मागितलं होतं नामांतर, मिळाला नामविस्तार. 'मराठवाडा' राहिलं, पुढे बाबासाहेबांचं नाव लागलं.

म्हणजे हा जल्लोष पूर्ण विजयाचा नाहीच. गाण्यातही ते ऐकू येतं. गायक कडव्यात सगळा हिशेब मांडतो, जळलेलं घर, गेलेला माणूस. आवाज खाली येतो, पेटी रेंगाळते. मग ढोलकीवर थाप पडते, मागचे झील धरतात आणि ध्रुपद अख्ख्या रस्त्याचं होतं. पुढचं कडवं पुन्हा दुःखाचं. पुन्हा ध्रुपद. एकट्यानं सांगायचं, सगळ्यांनी उचलायचं, अशी ही सिस्टिम.

ही परंपरा आंबेडकरी जलशांची. तिच्यातलं मोठं नाव वामनदादा कर्डक (1922-2004). सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. मोठेपणी मुंबईत अक्षरं शिकले, 1943 पासून गाणी रचायला लागले आणि गावोगाव गात फिरले. त्यांची गाणी आजही इथे वही न उघडता गायली जातात.

माझ्या शेजारी सतरंजीवर एक आजी टाळ्या वाजवत होत्या. डोळे ओले. मी विचारलं, "आजी, त्रास होतोय का?"

"तरास कामून व्हईल? आमचं घर गेलं व्हतं तवा. दरसाली येते, गाणं म्हणते, जाते."

माझे सहा महिने मी गुपचूप पर्समध्ये कोंबले आणि टाळ्यांत सामील झाले. ठेका चुकला, तर आजींनी माझा हात धरून बसवून दिला.

तेव्हा येत्या संक्रांतीला पतंग दुपारीच उतरवा. गाडी लांब लावा, चपला सोयीच्या घाला. आणि नुसतं ऐकायला जाऊ नका, ध्रुपद आलं की म्हणा.