पेटीवाल्यांच्या मुलखातून

शहापूर, पौष शुद्ध द्वादशी

तीर्थरूप बाबा,

आसनगावला गाडीतून उतरलं की माहुलीचे सुळके दिसू लागतात. भात कधीच कापून झालं आहे, खाचरांत आता वाल आणि हरभरा आहे. मुंबई पाणी पिते ते तानसा, भातसा, वैतरणेचं, म्हणजे बरंचसं याच तालुक्यातून गेलेलं. उलट्या वाटेने मुंबईहून इथे जे आलं आणि कायमचं राहिलं, त्यात पेटी आहे.

संध्याकाळी देवळात भजन असतं. पखवाज, टाळ आणि मधोमध पेटी. पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर. कुणी वर्गात जाऊन शिकलेलं नाही. काकाचं, थोरल्या भावाचं बघून बोटं बसली. बुवा काळी एकमध्ये गाणारा असो की पांढरी चारमध्ये, पेटीवाला तिथून सुरू करतो. अभंगाच्या दोन चरणांमध्ये बुवा दम घेतो. तेवढी आवर्तनं पेटीची एकटीची असतात, आणि बसलेली माणसं त्या वेळी टाळ हळू करतात. हे कुणी कुणाला शिकवलेलं नाही, पण सगळे पाळतात.

एकट्या पेटीला असा मान मिळायला कुणाचं तरी आयुष्य खर्ची पडलं. तुम्ही प्रवासात वाचायला दिलेलं 'माझा संगीत व्यासंग' त्याच माणसाचं आहे.

किन्हवली, पौष शुद्ध त्रयोदशी

तीर्थरूप बाबा,

एस.टी.ला उशीर आहे, तेव्हा 'माझा संगीत व्यासंग' लिहिणाऱ्या गोविंदराव टेंब्यांबद्दल सविस्तर लिहिता येईल.

आधी थोडं युरोपाकडे. मंचावर पियानो एकटा, वादक एकटा आणि संध्याकाळभर दुसरं काही नाही, ही मैफल तिकडेही फार जुनी नाही. फ्रान्झ लिस्टने ती १८३९-४० च्या सुमारास रूढ केली. त्याच काळात, १८४२ साली, पॅरिसमध्ये अलेक्झांडर डिबेनने हार्मोनियमचं पेटंट घेतलं. पियानोत हातोडी तारेवर पडते आणि स्वर लगेच विरू लागतो. हार्मोनियममध्ये पितळी पट्टीवरून हवा जाते आणि भाता चालेल तोवर स्वर टिकतो. इकडच्या गाण्याला टिकणारा स्वरच हवा होता. शिवाय आपले गवई जमिनीवर बसतात, म्हणून पायाने चालवायची पेटी कलकत्त्यात हाताच्या भात्याची झाली आणि मांडीसमोर आली. त्यात एक हात भात्यात अडकला. पियानोवादकाकडे दहा बोटं असतात; पेटीवाल्याला पाचांवर भागवायचं असतं.

या पाच बोटांवर गोविंदरावांनी पूर्ण मैफल उभी केली. जन्म ५ जून १८८१ चा, बालपण कोल्हापुरात. युरोपातल्या पियानोवादकाला लहानपणापासून गुरू मिळतो, संगीतविद्यालय मिळतं. गोविंदरावांचा पेटीवरचा हात बव्हंशी स्वतःच्या कानाने आणि मेहनतीने तयार झाला. कोल्हापूरच्या देवल क्लबात कानावर पडलेलं गाणं, दरबारी गवई अल्लादियाखाँसाहेबांचा सहवास आणि भास्करबुवा बखल्यांकडून मिळालेली विद्या ही त्यांची शाळा. खाँसाहेबांसमोर ते शिष्य म्हणून बसले नाहीत, पण त्यांची गायकी भास्करबुवांमार्फत त्यांच्यापर्यंत पोचली. पुढे खाँसाहेबांचं चरित्रही त्यांनीच लिहिलं.

भास्करबुवांच्या मागे ते साथीला बसले. स्वतंत्र वादनही करत. साथीतली पेटी गवयाच्या मागून सावलीसारखी चालते; स्वतंत्र वादनात राग मांडायचा, वाढवायचा आणि संपवायचा तो एकट्याने. पेटीत मींड निघत नाही, दोन पट्ट्यांमधला सूर हाती लागत नाही. ही उणीव वादकाला कणस्वरांनी, बोटांच्या सफाईने आणि भात्याच्या कमीजास्त दाबाने भरून काढावी लागते. तिथेच पेटीवाल्याची खरी परीक्षा असते, आणि गोविंदराव तीत उतरले म्हणूनच पेटी मैफलीच्या मंचावर मधोमध आली.

मग रंगभूमी. १२ मार्च १९११ ला खाडिलकरांचं 'संगीत मानापमान' किर्लोस्कर मंडळीने रंगमंचावर आणलं, बालगंधर्व भामिनीच्या भूमिकेत. तोवर नाटककारानेच चाली ठरवण्याची रीत होती. इथे चाली गोविंदरावांच्या. पूरबेकडच्या ठुमऱ्या-कजऱ्यांचा ढंग त्यांनी मराठी पदांत आणला. १९१३ साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासह ते गंधर्व नाटक मंडळीचे भागीदार झाले, पुढे त्यांनी स्वतःची शिवराज कंपनी काढली. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' या प्रभातच्या पहिल्या बोलपटात हरिश्चंद्र तेच, संगीतही त्यांचंच. वादक, रचनाकार, नट, लेखक असा एवढा पसारा असलेला दुसरा पेटीवाला महाराष्ट्रात झाला नाही, असं ठामपणे म्हणावंसं वाटतं.

आता जी गोष्ट मनाला लागते ती. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. कारणं ठाऊक आहेत: स्वर पक्के, श्रुती नाहीत, मींड नाही, वाद्य परदेशी. यातली पहिली तीन खरीच आहेत. पण चौथ्याचं काय? व्हायोलिन परदेशी असून रेडिओवर वाजत राहिलं. गोविंदराव ९ ऑक्टोबर १९५५ ला गेले तेव्हाही बंदी उठलेली नव्हती. ती सैल व्हायला १९७० नंतरची वर्षं उजाडावी लागली.

एस.टी. आली. बाकी म्हशाला पोचल्यावर.

म्हसा, ता. मुरबाड, पौष पौर्णिमा

तीर्थरूप बाबा,

मुरबाडला रेल्वे नाही. इथे मुरबाडहून कर्जतच्या रस्त्याने यायचं. आज खांबलिंगेश्वराची जत्रा सुरू झाली. बैलांचा बाजार दूरवर पसरलेला आहे आणि घोंगड्यांचे ढीग लागलेत. थंडी आहे, त्यामुळे आईसाठी घोंगडी घेतली.

एका पालात गाणी चालली होती. पेटी जुनी, पट्ट्यांवरचा रंग बोटांनी खाल्लेला, पण सूर अजून खणखणीत. वाजवणारा मुलगा विशीतला असावा. त्याला टेंबे ठाऊक नव्हते. त्यात त्याचा दोष नाही. पेटीवाल्यांची नावं आपल्याकडे साथीदारांच्या ओळीत, तीही शेवटी येतात. गोव्यातल्या बोरीच्या तुळशीदास बोरकरांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पेटीवाल्याचं नाव बातमीच्या मथळ्यात आलं.

रेडिओने पेटी बंद ठेवली त्या वर्षांत ती वाजत राहिली ती अशा गावांमुळे. सप्ताहाला, काकड्याला, जत्रेला इथे कुणाची परवानगी लागत नव्हती. किन्हवली, डोळखांब, सरळगाव, टोकावडे या पट्ट्यात आज जे साठी-सत्तरीचे पेटीवाले आहेत, त्यांच्या हातातल्या चाली कुठे लिहिलेल्या नाहीत.

तुमच्या संगीत मंडळाच्या पुढच्या बैठकीत हे पत्र वाचून दाखवा. वर्षाचा खर्च एका मोठ्या मैफलीवर करण्याऐवजी मंडळाने इथल्या भजनी पेटीवाल्यांचं स्वतंत्र वादन, बुवांशिवाय, ध्वनिमुद्रित करावं आणि प्रत्येकाचं नाव, गाव, गुरू लिहून ठेवावं. उन्हाळ्यात सप्ताह सुरू व्हायच्या आत सुरुवात केली, तर वेळ हाताशी आहे.

आईस नमस्कार.