दोन लिप्यांचा दगड



भारतात जाऊन आलो की इथली मंडळी विचारतात, "काय काय पाहिलेत?" आम्ही कबरस्तानांची नावे सांगू लागलो की त्यांना हसू येते. लोक सुट्टीत समुद्रावर जातात आणि आम्ही कबरी वाचत बसतो! पण काय करणार? आपल्या पूर्वजांनी कोकणात घाण्यावर तेल गाळले, शनिवारी घाणा बंद ठेवून शनिवार तेली हे नाव मिळवले, पण कागद फार थोडे मागे ठेवले. बऱ्याच घरांचा लेखी पुरावा म्हणजे एक दगड, एवढेच.

अलिबागजवळच्या नवगावला तर तोही लेख नाही. जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बाकीच्यांची प्रेते किनाऱ्याला लागली, ती इथे पुरली, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. पुरुषांचा एक उंचवटा, स्त्रियांचा एक. आता तिथे स्मारक आहे. त्या उंचवट्यांसमोर वाचण्यासारखे काही नाही, नुसते उभे राहायचे.

अक्षरे दिसतात ती पुढच्या काळातल्या कबरींवर. आणि तिथे गंमत सुरू होते, कारण आपल्या माणसांना दोन-दोन नावे असत. मुंबईत १७९६ साली शाआर हारहामीम, म्हणजे आपली जुनी मशीद, बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर हेच शमुवेल यहेज्केल दिवेकर. हे ठाऊक नसेल तर एकाच माणसाची दोन माणसे होतात.

आमच्या घरात नेमके तेच झाले होते. आजोबा चार-पाच वर्षांचे असताना त्यांची आई वारली. आम्हाला ती फक्त 'माई' म्हणून ठाऊक. वडिलांच्या वर्षदिनाला आजोबा न चुकता दिवा लावून कद्दीश म्हणत. आईची तारीख मात्र त्यांना कोणी सांगितली नाही. योम किप्पूरच्या संध्याकाळी सगळ्यांच्या दिव्यांबरोबर तिचाही एक दिवा लावायचे आणि गप्प बसायचे.

मागच्या खेपेला ऐंशी ओलांडलेली आत्या आणि आमच्या भाच्याचा मुलगा, दोघेही बरोबर होते. गावच्या कबरस्तानात गवत कमरेपर्यंत वाढलेले. घराण्याच्या रांगेत एका दगडाचा कोपरा फुटलेला होता. दगडाला घासायचे नाही, तारेचा ब्रश लावायचा नाही, हे आम्ही अनुभवाने शिकलो आहोत. त्याने उरलेली अक्षरेही जातात. बाटलीतले पाणी हलकेच ओतले आणि ऊन कलण्याची वाट पाहिली. तिरप्या उन्हात कोरीव अक्षरे वर येतात.

खालचा मजकूर मराठी. आत्याने बोट फिरवत वाचले. अमुक यांची पत्नी, आणि सन १९०४. नवऱ्याचे नाव आमच्या पणजोबांचे! पुढची तारीख फुटक्या कोपऱ्याबरोबर गेलेली. आत्या म्हणाली, "झालं. इथेही नाही."

मुलगा इस्राएलमध्ये जन्मलेला. मराठी बोलतो, पण वाचता येत नाही. तो वरच्या हिब्रू ओळींकडे पाहत होता. "आजी, इथे नवऱ्याचं नाव नाही. 'बत' लिहिलंय. कोणाची तरी मुलगी." म्हणजे खाली सासर आणि वर माहेर. माईचे हिब्रू नाव आणि तिच्या वडिलांचे नाव आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. पुढे त्याने वाचले, योद बेथ हेश्वान. हेश्वानची १२ तारीख.

साल अक्षरांत होते: ताव, रेश, सामेख, हे. म्हणजे ४००, २००, ६० आणि ५, बेरीज ६६५. वरचे पाच हजार बहुधा कोरत नाहीत. ६६५ मध्ये १२४० मिळवले की १९०५. आत्या गोंधळली, खाली तर १९०४ आहे! पण आपले वर्ष तिश्रीत सुरू होते, म्हणून तिश्रीपासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखांना एक वजा करावा लागतो. दोन्ही साले बरोबर होती.

आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माझ्या बापाला हे एवढंच हवं होतं रे." आम्ही तिघांनी एकेक खडा ठेवला. बाहेर येऊन हात धुतले.

आमची पिढी मराठी वाचते, पुढची हिब्रू. त्या दिवशी एक जण जरी घरी राहिला असता, तरी अर्धा दगड मुकाच राहिला असता. कोकणचा पाऊस दरवर्षी थोडी थोडी अक्षरे पुसतो आहे, आणि आत्याचे डोळेही आता थकले आहेत. म्हणून वाचकहो, गावी जाल तेव्हा म्हातारे माणूस आणि लहान मूल, दोघांनाही बरोबर घ्या. दगडाचा फोटो दोन्ही लिप्या दिसतील असा काढा आणि वाचलेले त्याच दिवशी वहीत उतरवा.

हेश्वानात तिकडे पाऊस सरून भातकापणी चालू असते, इथे पहिल्या पावसाची वाट पाहतात. यंदा १२ हेश्वानच्या आदल्या संध्याकाळी आत्याच्या घरी एक दिवा लागला. कद्दीश त्या मुलानेच म्हटला, माईचे नाव तिच्या वडिलांच्या नावासकट घेऊन.