फ्रीजमधली बाटली

गेल्या शनिवारी मुरगूडला ताईकडे गेलो होतो. ताक घ्यायला फ्रीज उघडला तर अंड्यांच्या कप्प्यात काचेची इवलीशी बाटली! म्हटलं, दाजींना साखर कधी झाली? ताई म्हणाली, "तुझ्या भाच्याची हाय ती. ताकदीचं औषध म्हणतोय."

भाचा एकोणीसचा. पहाटे तालीम, जोर-बैठका, मग दूध-बदाम. बाटलीवर लिहिलेलं, सोमाट्रोपिन. म्हणजे ग्रोथ हार्मोन. जिममधल्या कुणीतरी दिलेलं, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय.

संध्याकाळी दोघं सर पिराजीराव तलावावर जाऊन बसलो.

"मामा, ह्ये स्टिरॉइड न्हाई. अंगातच तयार होतंय की."

होतं खरंच. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिच्युइटरी ग्रंथी ते सोडते, त्यावर यकृत आयजीएफ-१ बनवतं, आणि ते पुरेसं झालं की ग्रंथीला उलटा निरोप जातो, बास कर. सुईतून घेतलं की हा निरोप ऐकायला कुणी नसतं. ग्रंथीत गाठ झाली तरी तेच. त्या आजाराला ॲक्रोमेगली म्हणतात. ग्रेट खलीची अशी गाठ २०१२ मध्ये काढली, म्हटल्यावर गडी सावरून बसला.

हृदय म्हणजे शेवटी स्नायूच. हार्मोन जास्त झालं की आधी ते जोमानं चालतं, माणूस खूश! मग भिंती जाड आणि ताठ होतात. ताठ भिंत सैल पडत नाही, म्हणून दोन ठोक्यांच्या मधे रक्त नीट भरत नाही. पुढं ठोके चुकतात, झडपा गळतात, जिना चढताना धाप लागते. जोर-बैठकांनीही हृदय वाढतं, पण ते सैल पडायला विसरत नाही. (ज्यांच्यात हे हार्मोन मुळातच कमी, त्यांना डॉक्टर हेच औषध मोजूनमापून देतात. असो.) हे सगळं वर्षानुवर्षांत होतं, एका बाटलीत नाही, हेही सांगितलं. खोटं घाबरवलं की पोरं नंतर खरंही ऐकत नाहीत.

"पण टेस्टमधी घावत न्हाई म्हणत्यात."

घावतं. २०१० मध्ये टेरी न्यूटन हा ब्रिटिश रग्बी खेळाडू घावला, दोन वर्षांची बंदी.

"किती सुया झाल्या?"

"अकरा."

"छातीत धडधडतं का कधी?"

बराच वेळ तलावाकडं बघत बसला. मग म्हणाला, "रात्रीचं. आईला सांगू नगंस."

सोमवारी रजा टाकली, कोल्हापूरला नेऊन इको केला. नॉर्मल. परत आलो तर बाटली फ्रीजमध्ये नव्हती. ताईनं टाकली की यानं हलवली, कुणी बोललं नाही, आणि मीही विचारलं नाही.