शिकाऊ उमेदवार

कंपनीच्या गेटवर आम्हां तिघांना जे ओळखपत्र मिळाले, त्यावर नाव, फोटो, रक्तगट आणि खाली जाड अक्षरांत ‘शिकाऊ उमेदवार’ असे छापले होते. कायम कामगाराचे कार्ड निळे, कंत्राटी कामगाराचे पिवळे, आमचे पांढरे. कार्डाचा रंग पाहूनच वॉचमन ठरवायचा, याला ‘या’ म्हणायचे की ‘ये’.

सप्टेंबर २०१४ ची गोष्ट. सोलापुरात मेकॅनिकलचा डिप्लोमा संपवून आम्ही तिघे, एकाच गल्लीतले, एकाच मक्तबात शिकलेले, भोसरीच्या एमआयडीसीत एका वर्षाच्या अप्रेंटिसशिपसाठी आलो. कंपनीचे नाव इथे घालत नाही. आमच्यातल्या तिसऱ्याचेही नाही. त्याला विचारलेले नाही.

खोलीसाठी आठ दिवस हिंडलो. नाव सांगेपर्यंत खोली रिकामी असायची. त्यावर या पानांतून पुष्कळ लिहिले गेले आहे, आम्ही त्यात भर घालत नाही. शेवटी कासारवाडीत रेल्वेलाइनजवळ पत्र्याची एक खोली मिळाली. घरमालकीण म्हणाल्या, “मराठी किती छान बोलता हो तुम्ही!” सोलापूरची पोरे मराठी नाही तर काय बोलणार? पण खोली मिळाली होती, म्हणून आम्ही हसलो.

स्टायपेंड सुरुवातीला २५३० रुपये होता. डिसेंबरात सरकारने दर वाढवले आणि तो ३५४२ झाला. त्यातला निम्मा वाटा तेव्हा केंद्र सरकार कंपनीला परत देत असे, हे आम्हांला नंतर कळले. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात स्वच्छ लिहिले आहे की असा उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. करारपत्रावर सह्या करताना हे कोण वाचतो? घरी अब्बा तर कामगारच समजून चालले होते. ते यंत्रमागावर होते. दर फोनला एकच प्रश्न : “पक्का करतैं क्या तुमना?” आम्ही म्हणायचो, “हौ अब्बा, देखेंगे बोले.” असे कोणीच म्हणाले नव्हते.

पुण्याकडच्या बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. म्हणजे आमचा आठवडा जुम्म्याला सुरू व्हायचा. पहिली पाळी सकाळी सात ते साडेतीन, त्या आठवड्यात जुम्म्याची नमाज हुकायची. दुसरी पाळी साडेतीनला सुरू, त्या आठवड्यात मिळायची. तिसरा मात्र हुकलेल्या जुम्म्यांचा हिशेब डायरीत लिहून ठेवायचा. त्याला सगळेच लिहून ठेवायची सवय होती.

पहिले दोन महिने आम्ही बर काढली. मशीनमधून उतरलेल्या पिनेच्या कडेला धातूची बारीक कूस राहते, ती कानशीने घासायची. दिवसाला पाचशे-सहाशे पिना. डिप्लोमाच्या तीन वर्षांत कोणी सांगितले नव्हते की बोटांना अशा चिरा पडतात.

मग आम्ही मामांच्या हाताखाली आलो. मामा जुन्नरकडचे, शिक्षण सातवी, सीएनसी लेथवर मुरलेले. आम्ही वर्षभरात जे काही शिकलो ते त्यांच्याकडून. कंपनीने आम्हांला शिकवायला एक साहेब नेमले होते, त्यांची कागदावर सही असायची एवढेच. मामा आवाजावरून सांगायचे, “टूल बसलं बघ.” इन्सर्टची धार झिजली की पिनेचा व्यास हळूहळू वाढत जातो. डोळ्यांना काही दिसत नाही. आमची पिन २५ मिलिमीटरची, २४.९८ ते २५.०० चालायची. वीस मायक्रॉनची मुभा. माणसाचा केस याच्या तिपटीहून जाड असतो. मायक्रोमीटर कसा धरायचा हे मामांनीच दाखवले. “आवळू नको. रॅचेट फिरव, टकटक वाजलं की थांब. आवळलास तर तुला पाहिजे तेच माप दाखवंल ते.”

आम्ही आल्यावर महिनाभरातच दसरा आणि बकरीद एकाच आठवड्यात आले. ३ ऑक्टोबरला दसरा, ६ ला ईद. खंडेनवमीला सगळ्या मशीनांना झेंडूच्या माळा. आम्ही तिघे दाराशी घुटमळत उभे. कुठे उभे राहावे तेच कळेना. मामांनी कापडाचा बोळा आमच्या हातात कोंबला : “पूजा आम्ही करू. तुम्ही मशीन पुसा आधी, ऑइल गळतंय.” घरी अब्बा माग सुरू करताना बिस्मिल्ला म्हणून लाकडाला हात लावत, ते आठवले. मशीन लख्ख पुसले. ईदला एकच दिवस सुट्टी मिळाली. रात्रीच्या गाडीने सोलापूर, नमाज, जेवण आणि रात्रीच्या गाडीने परत.

रमजान जून-जुलैत आला. दुसऱ्या पाळीत कँटीनची सुट्टी आठला आणि रोजा सुटायचा सव्वासातच्या सुमाराला. मामा घड्याळ बघत राहायचे. मिनिट भरले की आमच्या हातातली पिन काढून घ्यायचे आणि म्हणायचे, “सोड रे, झाला टाइम.” खजूर आणि पाणी. पाच मिनिटे त्यांचे मशीन ते बघत, आमचेही तेच बघत. त्या साहेबांनीही कधी हरकत घेतली नाही, हेही लिहिले पाहिजे. कारण पुढे जे लिहायचे आहे ते त्यांच्याबद्दल आहे आणि ते वाईट माणूस नव्हते.

२९ ऑगस्ट २०१५, राखीपौर्णिमा. दुसरी पाळी. इन्स्पेक्टर बहिणीकडे गेलेला, मामा त्या आठवड्यात पहिल्या पाळीला. चारशे पिनांचा लॉट पेट्यांत भरून तयार, बाहेर ट्रक उभा. माल रात्री निघाला नाही तर गिऱ्हाइकाची लाइन थांबणार आणि दंड कंपनीवर. पण तपासणीचा कागद कोरा होता. दर दहाव्या पिनेचे माप त्यावर लागते. चाळीस रकाने. साहेब आले, आमच्यापुढे कागद ठेवला. “भरून टाका. २४.९८५, २४.९९१, असं वरखाली लिहा. एकसारखं लिहू नका, ओळखू येतं.”

वर्ष संपायला पंधरा दिवस राहिले होते. तिघांपैकी दोघांना ट्रेनी म्हणून ठेवणार अशी कुजबुज होती.

तिसऱ्याने पेटी उघडली. तो मापायला बसला. आम्ही म्हणालो, “अरे, ट्रक खडी है.” तो म्हणाला, “देखता हूँ ना, कित्ता टाइम लगता?” त्याने चाळीस पिना मापल्या. शेवटच्या पेटीतल्या चार २५.०० च्या वर निघाल्या, एक तर २५.०१२. टूल बसले होते आणि कोणी ऐकले नव्हते. त्याने ती मापे लाल पेनने लिहिली आणि म्हणाला, शेवटची पेटी थांबवा, बाकीचा माल जाऊ द्या. साहेबांनी कागद फाडला. ओरडले नाहीत. नवा कागद काढला आणि आमच्याकडे, म्हणजे उरलेल्या दोघांकडे, सरकवला.

माप-तोलात लबाडी करणाऱ्यांवर कुराणात एक सूरा आहे, अल्-मुतफ्फिफीन. ती तिसाव्या पाऱ्यात येते, मक्तबात आम्ही तिघांनी एकत्र पाठ केली होती. त्या क्षणी ती आठवली असे लिहिले तर वाचायला बरे वाटेल, पण ते खोटे होईल. आम्हांला अब्बांचा फोन आठवला. दहा मिनिटांत कागद भरला. वरखाली लिहिले. एकसारखे लिहिले नाही.

तो लॉट परत आला नाही. तक्रारही आली नाही. आली असती तर तिसरा बरोबर होता असे म्हणता आले असते. तेही त्याच्या वाट्याला आले नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याला स्क्रॅपच्या यार्डात वजनकाट्यावर बसवले. मामांना सगळे कळले होते. ते काही बोलले नाहीत. फक्त कँटीनमध्ये एकदा विचारले, “तुम्ही तिघं एकाच गाडीनं आला होता ना रे?” त्यानंतर टूलचा आवाज त्यांनी आम्हांला पुन्हा ऐकवला नाही.

सप्टेंबरच्या मध्यावर करार संपला. आम्हां दोघांना एक वर्षाचे ट्रेनीचे पत्र मिळाले, तिसऱ्याला प्रमाणपत्र. तो बकरीदच्या आधी सोलापूरला गेला तो परत आला नाही. स्टेशनवर सोडायला आम्ही गेलो होतो. गाडीला उशीर होता, आम्ही तिघांनी चहा घेतला आणि क्रिकेटबद्दल बोललो.

आज आम्ही दोघेही चाकणला नोकरी करतो, दोन वेगळ्या कंपन्यांत, आणि दोघेही क्वालिटीत. लोक आमची सही पाहून माल उतरवून घेतात. गेल्या ईदला सोलापुरात तिसऱ्याच्या वर्कशॉपवर गेलो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्याच्या दोन जुन्या लेथ आहेत, हाताखाली दोन पोरे. आम्ही गेलो तेव्हा सुट्टी असूनही शटर अर्धे वर होते, कुणाचे तरी काम अडले होते. एका पोराच्या हातात मायक्रोमीटर होता आणि तो सांगत होता, “आवळ नक्को रे, टकटक आवाज आया की बस.”

शिरखुर्मा झाला. घरच्यांची चौकशी झाली. मग त्याने सहज, पोराकडे बघत विचारले, “वो दूसरे कागज पर सही किसकी थी?”

आम्ही म्हणालो, “हमारी.”

“रकाना तर एकाच सहीचा होता,” तो मराठीत म्हणाला आणि पोराच्या हातातली पिन घेऊन उजेडाकडे गेला.