काचेच्या पाठीवरचा रंग

गेल्या हिवाळ्यात एका स्नेह्यांच्या आग्रहावरून बेटम्यास जाण्याचा योग आला. इंदूरहून धारकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. काळी जमीन, गहू-हरभरा आणि शीख बांधवांचा प्रसिद्ध गुरुद्वारा, इतकीच त्याची ओळख मला होती.

जाताना इंदूरच्या इतवारिया बाजारातील काच मंदिर पाहिले. सर सेठ हुकुमचंद यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी उभारलेले हे जैन मंदिर. भिंती, खांब, छत, पायाखालची जमीनदेखील काचेची! समोरासमोरच्या आरशांत तीर्थंकरांच्या मूर्ती दूरवर उमटत जातात. डोळे दिपले हे खरे. पण मन गुंतले ते बेटम्यास, यजमानांच्या माजघरात.

तेथे बाळकृष्णाची एक जुनी तसबीर होती, काचेवर हाताने रंगविलेली. मी कौतुकाने हात पुढे करताच घरातील वृद्ध मातोश्री म्हणाल्या, “फादर, मागून हात लावू नका हो! सूनबाईंनी एकदा ओल्या फडक्याने पुसली, अन् बाळाचे बोट गेले.”

या चित्रांची रीतच उलटी. चित्रकार काचेच्या पाठीवर रंगवितो आणि आपण ते पुढून पाहतो. त्यामुळे कागदावर जे शेवटी काढायचे, ते येथे सर्वांत आधी: डोळ्यांची बुबुळे, दागिने, वस्त्राची किनार. मग अंगाचा रंग, आणि शेवटी पार्श्वभूमी. डावे-उजवेही उलटे धरावे लागते. एकदा चुकलेली भुवई पुढच्या थराखाली गाडली जाते. ती सुधारता येत नाही. अठराव्या शतकात चीनच्या कँटन बंदरातून व्यापारी जहाजांनी ही कला आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आणली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात तिचे सुंदर नमुने आहेत. बव्हेरिया व ऑस्ट्रियातील कॅथलिक शेतकऱ्यांच्या घरोघरी अशीच संतांची चित्रे असत.

ख्रिस्तमंदिराच्या रंगीत खिडक्यांशी मात्र यांची गल्लत करू नये. तेथील रेषांचा रंग लोहभस्म व काचेची पूड यांचा. तो भट्टीत सुमारे ६०० अंशांवर भाजून काचेशी एकजीव करतात, म्हणून शतकानुशतके पाऊस सोसतो. तसबिरीचा रंग भाजलेला नसतो. तो काचेवर नुसता टेकलेला असतो. ओल लागली, भिंत दमट असली, की पापुद्रे सुटतात.

मातोश्रींचे बोलणे ऐकून मी खजील झालो. सेमिनरीतून सुट्टीवर आलो असताना नाताळच्या साफसफाईत आजीचे पवित्र कुटुंबाचे चित्र मी चौकटीतून काढून साबणाने धुतले होते. संत योसेफाचा चेहरा घमेल्यातील पाण्यात तरंगला. आजी काही बोलली नाही. तिने ते चित्र पुन्हा वेदीवर ठेविले.

परतल्यावर मी ते खाली काढले. कुजलेली पाठीची फळी बदलून कोरडी बसविली, काच व फळी यांत बोटभर पोकळी ठेविली आणि ओलीच्या भिंतीवरून ते आतल्या खोलीत हलविले. पुढची काच कोरड्या फडक्याने पुसली. योसेफाच्या जागी मागचे लाकूड दिसते. कोणी चांगला कारागीर तेथे चेहरा काढून देण्यास तयार होता. मी नको म्हणालो.