बहिरीची भांडी

लोणावळ्याच्या उत्तरेला, मावळ आणि कर्जतच्या शिवेवर ढाकचा डोंगर आहे. त्याच्याही पुढे उत्तरेला भीमाशंकरचं अभयारण्य, १९८५ साली जाहीर झालेलं, शेकरूसाठी नावाजलेलं. सह्याद्रीची रांग तीच, पण ढाक त्या हद्दीबाहेर राहिला. इथे ना चौकी, ना तिकीट.

कामशेतला लोकलमधून उतरून जांभिवली गाठायची. कोंडेश्वराचं देऊळ मागे पडलं की रान लागतं. मग ढाकचा कडा आणि कळकरायचा सुळका यांच्यामधली अरुंद नळी. ती एकेकानेच उतरायची, कारण वरच्याच्या पायाखालचा धोंडा खालच्याच्या डोक्यावर येतो. नंतर कातळातल्या खोबण्या, दोर, पाठीशी नुसती पोकळी. आणि कड्याच्या पोटात गुहा. समोर राजमाचीचे श्रीवर्धन नि मनरंजन हे बालेकिल्ले.

आसपासच्या ठाकरांचा हा गडदचा, म्हणजे गुहेतला, बहिरी. शेंदूर माखलेला देव, पाण्याचं टाकं, आणि भांडी: पातेली, ताटं, पळ्या. आल्यागेल्याने घ्यावीत, रांधावं, जेवावं, घासून जागच्या जागी ठेवावीत. नेणाऱ्याला बहिरी सोडत नाही, अशी श्रद्धा. कुलूप नाही की नोंदवही नाही.

ढाकच्या इतिहासापेक्षा मला या भांड्यांचं मोल मोठं वाटतं. पाठीला पातेलं बांधून कुणीतरी त्या खोबण्या चढलं, म्हणून आज परक्या माणसाचा भात तिथे शिजतो. देणाऱ्याने खाणाऱ्याला कधी पाहिलेलं नसतं.

२०२५ मध्ये शेजारचा लोहगड जागतिक वारशाच्या यादीत गेला, याचा साऱ्या मावळाला आनंद आहे. ढाकला मात्र अशा कौतुकापोटी पायऱ्या-कठडे कधी होऊ नयेत. कडा अवघड आहे, हे खरं. डोंगरात माणूस अडकला की लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र दोर घेऊन धावतात. त्यांच्यावर ती वेळ आणू नये, पावसाळ्यात या कड्याला हात लावू नये. पण कोरड्या दिवसांत, जाणत्या सोबत्याबरोबर जरूर जावं. थर्माकोलच्या ताटल्या नेऊ नयेत, तिथलीच ताटं घ्यावीत. कड्यावरची झुडपं जळणासाठी तोडू नयेत. आणि जमलं तर पाठपिशवीत एखादा डाव टाकावा. मोठ्या पातेल्याला पुरेल असा डाव तिथे नेहमीच कमी पडतो.